अजून घरी पोचलो नाही

व्हिटबीत गाडीचे विंटर टायर्स बदलायला गेलो होतो. गॅरेजच्या वेटिंग रूममध्ये शेजारी एक गोरे आजोबा फोनवर हळू आवाजात व्हायोलिनचं काहीतरी ऐकत बसले होते. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. माझा चेहरा बघून तेच म्हणाले, "इंग्लंडमधल्या खेड्यातल्या सुट्टीवरचं आहे हे." मग त्यांचं बोट हवेत फिरू लागलं. "इथे आगगाडी थांबली. हा बासरीचा आवाज म्हणजे ओढा." काउंटरवरून त्यांच्या गाडीचा पुकारा झाला, तरी ते जागचे हलले नाहीत. "थांबा, अजून घरी पोचलो नाही!"

"लहानपणी दर सुट्टीत जायचात?" मी विचारलं.

"छे, मी इथलाच, इंग्लंडला कधी गेलोच नाही. गाव बायकोचं. ती हे लावून मला सगळं सांगायची. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या समरला जाऊ. आता तीच राहिली नाही."

संगीत संपल्यावरच ते किल्ली घ्यायला उठले.

घरी आलो तर लेक नेहमीसारखी म्हणाली, "बाबा, युअर आजोळ स्टोरी, प्लीज." विहिरीतलं कासव, परसातला फणस, तिला सगळं तोंडपाठ आहे. पाहिलेलं मात्र काहीच नाही.

त्या दिवशी गोष्ट बाजूला ठेवून मी विमानाची तिकिटं बघायला बसलो.