सिंहांपुढची खोबऱ्याची वाटी

माझ्या तोंडातले तांदूळ पाटीवर कोरडेच पडले. मास्तर वाकून बघत म्हणाले, "झालं. चोर सापडला."

तांदळांत किडे होते. तंबाखू मळलेल्या हातानंच मास्तरांनी ते मला चावायला दिले होते. ती चव अजून जिभेवर आहे.

चाकणच्या आमच्या शाळेत नवीन राजमुद्रेचं चित्र आलं होतं. सिंह चार, पण दिसायचे तीनच. गावातल्या बायकांना वाटलं, तीन तोंडं म्हणजे दत्तच. त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याची वाटी पुढं ठेवली. मास्तरांनी कुणाला अडवलं नाही. आम्हाला त्यांनी चित्राखालच्या अक्षरांची गोष्ट सांगितली. सत्यच जिंकतं, हे फार जुन्या ऋषींचं बोलणं. त्या काळी चोरीचा आळ आला की माणसाच्या हातात तापवून लाल केलेली कुऱ्हाड द्यायचे. खरं बोलणाऱ्याचा हात भाजत नसे.

मधल्या सुट्टीत वाटी नाहीशी झाली. वर्गात तेव्हा आम्ही दोघीच होतो, मी आणि पाटलांची मुलगी. मास्तरांच्या डोक्यात कुऱ्हाड होतीच. म्हणाले, "आपण तांदूळ चावायला देऊ. खोटं बोलणाऱ्याची थुंकी आटते."

माझी भीतीनं आटली. तिचे तांदूळ ओले पडले. का नाही पडणार? त्यांत खोबऱ्याचे चावलेले, लाळेनं चिकट झालेले तुकडे होते. सगळ्या वर्गानं पाहिले. मास्तरांनीही पाहिले आणि ती पाटी पायानं बाकाखाली सारली. पाटीला पाय लागला तर आम्हाला छडी मारणारा हा माणूस.

आई कांद्याच्या वखारीतून तशीच धावत आली.

"मास्तर, त्या पोरीच्या पाटीवरचं खोबरं दिसंना व्हय तुमास्नी?"

"बाई, परीक्षा झाली. तुमच्या मुलीला आता शाळेत जागा नाही."

"मग तुमीबी चावा की चार दाणं. बघू द्या तुमची थुकी."

पोरं हसली. मास्तरांनी दाणे चावले नाहीत. हजेरीतून माझं नाव मात्र खोडलं.

मी तिसरीत होते. दुसऱ्या दिवसापासून आईशेजारी बसून कांदे निवडू लागले. सडक्या कांद्यात बोटं रुतायची, तरी त्या वर्गाइतकी किळस मला पुन्हा कशाची आली नाही.

वर्गात आम्ही सहा मुली होतो. पाटलांची पहिल्या बाळंतपणात गेली, बाकीच्या एकेक करून गेल्या. मास्तरही गेले. मी आहे.