आप्पांचे सोन्याचे दाणे

२००८ साली, एका मंगळवारी, माझे वडील, आप्पा, गेले.

चमत्कारांवर माझा विश्वास नव्हता, आणि आधीच सांगते — आजही नाही. आमचं घर बौद्ध. आप्पा दौंडला रेल्वेत फिटर होते. देवदेवस्की त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली, म्हणून मी पुस्तकांत वाढले.

त्यांना प्रोस्टेटची गाठ होती. पुण्यात रेडिएशनआधी डॉक्टरांनी सुईनं त्या गाठीत सोन्याचे तीन दाणे बसवले... जिऱ्याएवढे, अंगावर बारीक खाचा असलेले. गाठ आत रोज थोडी सरकते. दाणे एक्स-रेत दिसतात, त्यांच्या खुणेवर किरण सोडायचे.

मांडवगणहून आत्या भेटायला आली. तिनं मृताच्या तोंडात सोनं घालायची जुनी रीत सोडली नव्हती. आप्पा हसून म्हणाले, "आक्का, मी गेल्यावर तोंडात सोनं घालू नगं. डॉक्टरनं खालनंच घातलंय!"

"तोंड आवर, मेल्या!"

मग आप्पा माझ्याकडे वळून, न हसता म्हणाले, "पोरी, ध्यानात ठेव."

गाठ आटोक्यात आली, पण आप्पा हार्ट अटॅकनं गेले. तिरडीपाशी आत्यानं पदराला बांधलेला सोन्याचा मणी सोडला. मी तिचा हात धरला.

"आगं, कोरड्या तोंडानं धाडती व्हय बापाला?"

"त्यांचा शब्द आहे, आत्या."

मणी परत पदराला गेला. मी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठी राख गोळा करायला गेलो. चितेवर आप्पांचं डोकं नदीकडं होतं. अग्नी मीच दिला होता. कमरेच्या जागची राख मी चाळणीनं चाळली — काही नाही. आत्या नदीकडच्या टोकाला बसली होती.

"हे काय गं?"

जबड्याच्या हाडाखाली तिन्ही दाणे होते, एकमेकांना टेकून. खाचांसकट.

स्मशानातल्या पहारेकऱ्याला विचारलं, राख कुणी उकरली का?

"न्हाई ताई. कुत्रंबी फिरकलं न्हाई."

आत्या डोळे पुसत म्हणाली, "बघ, शेवटी घेतलंच तोंडात!"

"घेतलं नाही. थुंकायला वर आणलं."

ती रडता रडता हसली. "व्हय... तसलाच हुता त्यो."

डॉक्टर म्हणाले, जळताना शरीर हलतं. पण इतकं? नातेवाईक म्हणाले, शांती करून घ्या. मी काही केलं नाही, करणारही नाही. एक कोडं सुटत नाही म्हणून मी आप्पांचा शब्द मोडू?

पुढे आत्याही गेली. तिच्या मुलानं तिचा मणी तिच्या तोंडात घातला. मी अडवलं नाही, तो तिचा शब्द होता.

दाणे माझ्या कपाटात आहेत, कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत.