विमावाल्यानं तब्येत विचारली तेव्हा

कुणी हे वाचलंच, तर माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हापासूनचे चुकतात, ओळी उताराला लागतात. त्याबद्दल माफ करा.

लेकीनं पहिल्या बाळंतपणाला कॅनडात बोलावलं. वर्षभर राहायचं, तर परक्या माणसाला आधी आरोग्य विमा काढावा लागतो, नाहीतर व्हिसा नाही. लेकीनं दोन विमे शोधले होते. एक निरोगी माणसाचा, स्वस्त. दुसरा जुन्या दुखण्यांसकट, त्याच्या तिप्पट. माझ्याशी बोलून कोणता घ्यायचा ते ठरणार होतं.

विमावाला राहतो तिकडंच, पण माणूस मराठी. तो व्हिडिओवर आला. त्या दिवशी माझ्या नणंदबाई लातूरहून आमच्याकडं नांदेडला डिंकाचे लाडू वळायला आल्या होत्या. मी पदर सावरून फोनसमोर बसले.

"मावशी, तब्येत कशी आहे?"

आमच्याकडं यावर "छान आहे" असं कुणी म्हणत नाही. दृष्ट लागते. त्यात लेक पोटुशी, प्रवास लांबचा. म्हणून सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, "कशाची तब्येत, बाबा. गुडघे गेले. चक्कर येती."

"छातीचा काही त्रास?"

नणंदबाईंनी तुपाच्या हातानं मला ढोसलं. "धडधड हाय की, वैनी! सांगा ना, लाजता काय?" मग फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "लई सोसलंय ह्यांनी. कंबर बी लिहा, भाऊ."

त्यानं कंबर बी लिहिली.

लेकीनं घाबरून तिप्पटवाला विमा काढला आणि मग मला फोन केला. रडत होती.

"आई, छातीचं माझ्यापासून लपवलंस?"

"न्हाई गं. तसं म्हणायचं असतं."

"विमावाल्याला?"

बाळंतपणाच्या सुट्टीत घर चालवायला ठेवलेले तिचे पैसे गेले होते. मुदतीत विमा रद्द केला तर परत मिळणार होते. पण डॉक्टरचा कागद हवा, आणि मी स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं की मला काही झालेलं नाही.

कागद सोपा निघाला. लातूरला नणंदबाईंच्या ओळखीच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला झालंय काय?" मी नणंदबाईंकडं बघितलं. त्या पंख्याकडं बघत होत्या.

अवघड होतं ते तोंडानं सांगणं. नणंदबाईंच्या घरी पुन्हा व्हिडिओ लागला आणि माझ्या तोंडून पुन्हा "कशाची तब्येत" निघणार होतं. "थांबा," म्हणत त्या उठल्या. मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्या आणि फोनच्या मागं उभ्या राहून माझ्यावरून उतरवू लागल्या.

"हां, वैनी. बोला आता बिनघोर."

"मी चांगली आहे," मी डोळे मिटून म्हणाले. "गुडघे बी चांगलेत."

"छाती?"

नणंदबाईंनी एक फेरा जास्त घातला. "चांगली."

"आणि कंबर?"

तेवढ्यात मुठीतल्या मोहऱ्या फोनवर तडतड पडल्या.

"मावशी, तिकडं पाऊस आहे का?"

"न्हाई, भाऊ," नणंदबाई म्हणाल्या, "फोडणी चाललीय."

निरोगी माणसाचा विमा निघाला. तिप्पटवाल्याचे पैसे मात्र लवकर येईनात. लेक रोज खातं बघायची आणि मी रोज तिला विचारायची. शेवटी एका सकाळी तिचाच फोन आला. पैसे जमा झाले होते, सगळेच्या सगळे, एक डॉलरही कापला नव्हता.