गांडुळाची सपाट बाजू

हॉलिस ट्रॅमेल रागावला नाही असा एकही दिवस आमच्या टॅलो तलावाच्या काठावर कुणाला आठवत नाही.

सरकारनं धरण बांधलं तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. पाणी आधी त्याच्या बापाच्या कुंपणात आलं, मग कोठारात, मग पाइनच्या झाडांच्या गळ्यापर्यंत. बदल्यात त्यांना वरच्या रस्त्याला लाल मातीचा एक तुकडा मिळाला, ज्यात टोमॅटोसुद्धा धड येत नाहीत. हॉलिस प्लायवूडच्या गिरणीत लागला, आणि रविवारी चर्चला जायचं सोडून होडी घेऊन आपल्याच शेतावर मासे धरायला जाऊ लागला.

बास मासा बुडालेल्या बुंध्यांत राहतो. उघडा गळ तिथं टाकला की पहिल्याच फेकीत लाकडात रुततो. सुरुवातीच्या वर्षांत हॉलिसचे शेकडो गळ तुटून खाली राहिले. तो म्हणायचा, "म्हातारा बाप धरून ठेवतोय." हे म्हणताना तो हसत नसे.

मग तो गळ लपवायला शिकला. मऊ प्लॅस्टिकचं वीतभर गांडूळ घ्यायचं. गळाचं टोक त्याच्या डोक्यात थोडंसं घुसवून खालून बाहेर काढायचं, गळ ओढून अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात पुरायचं. लाकडाला ते टोक सापडत नाही, पण मासा चावला आणि काठीला हिसडा दिला की ते मऊ अंग फाडून बाहेर येतं. हे इथं सगळेच करतात. हॉलिसचे प्रकार मात्र पाण्यागणिक वेगळे. बुंध्यांत टोक खोल पुरलेलं. पाणगवतात टोक पाठीतून आरपार काढून वरच्या कातडीखाली नुसतं टेकवलेलं, आणि पुढची वजनाची शिशाची गोळी घसरू नये म्हणून तिच्या भोकात टूथपिकचा तुकडा. उथळ पाण्यात गोळीच नाही. पण कुठल्याही प्रकारात गांडूळ सरळच हवं. वाकडं लागलं तर ते पाण्यात गरगर फिरतं आणि दोऱ्याला पीळ बसतो.

गांडुळं तो गॅरेजमध्ये स्वतः ओतायचा, उघड्या साच्यात. त्यामुळे एक बाजू गोल, एक सपाट. हॉलिस गळ सपाट बाजूनं लावायचा, म्हणजे गांडूळ पोटावर तरंगत खाली जातं. आम्ही बाकीचे गोल बाजूनं लावतो. एवढ्यावरून त्यानं चाळीस वर्षं आम्हाला गाढव ठरवलं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याचे हात थरथरू लागले. डॉक्टरनं त्या थरथरीला नाव दिलं. हॉलिसनं ते नाव घरात घ्यायला बंदी केली.

आमच्या मासेमारीच्या क्लबात एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही: ज्यानं गळ लावला त्याचा मासा. होडी कुणाचीही असो, काठी कुणीही धरलेली असो. यंदा मार्चच्या स्पर्धेत हॉलिस उतरणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. म्हणूनच तो उतरला. बक्षीस त्याला नको होतं. स्वतःच्या हातानं लावलेल्या गळाचा एक मासा आणि क्लबच्या निकालाच्या फळ्यावर नाव, आणखी एकदा. बस.

होडी चालवायला त्याची मुलगी वनेटा होती. शेहेचाळीस वर्षांची, शाळेची बस चालवते, आवाज बापाचा. पुढचं तिनंच मला सांगितलं, अजून रागात असताना.

आदल्या दिवशी तो दुपारभर गॅरेजमध्ये बसून सहा काठ्यांना सहा गांडुळं लावत होता. सकाळी तो आत सॉसेज-अंडी खात असताना वनेटानं काठ्या पाहिल्या. पाच गांडुळं वाकडी. सहाव्याचा गळ उघडाच. तिनं घाईघाईनं सगळी काढून नवी लावली, सरळ.

नऊच्या सुमाराला, त्याच्या बापाच्या बुडालेल्या कुंपणावर, काठी वाकली. मासा वर आला तेव्हा वनेटा ओरडलीच. हॉलिसनं अंगठा त्याच्या जबड्यात घातला, गळ सोडवला आणि थांबला.

"हे काय आहे?"

"मासा आहे, बाबा! नऊ पौंडांचा तरी असेल!"

"मासा मला दिसतोय. हे काय आहे?" त्यानं गांडूळ तिच्या नाकासमोर धरलं. "गोल बाजू. माझ्या काठ्यांना हात लावलास तू."

"वाकडी लावली होती तुम्ही! दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मग ती माझी वाकडी होती."

त्यानं मासा होडीच्या कडेवर आणला.

"ठेवा तो! बाबा, ठेवा म्हणते ना! माशाला काय कळतंय कुणाचा हात होता ते?"

"मला कळतंय."

त्यानं तो पाण्यात सोडला. मासा क्षणभर तसाच कडेला उभा राहिला आणि खाली गेला, बुडालेल्या कोठाराच्या दिशेनं. वनेटानं कॉफीचा थर्मास होडीच्या तळाशी आपटला.

"तहानेनं मराल, पण दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणार नाही तुम्ही!"

"पाजून बघ. तोंडावर थुंकेन."

त्यानं सहाही गांडुळं फाडून पाण्यात फेकली आणि एक नवीन घेतलं. चाळीस मिनिटं लागली. गळ दोनदा अंगठ्याच्या मांसात गेला. रक्तानं गांडूळ निसरडं झालं, ते त्यानं पँटला पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. वनेटा त्याच्याकडे पाठ करून बसली होती. "हातांवर बसले होते मी," ती मला म्हणाली. "खरंच, हात मांड्यांखाली घालून. नाहीतर हिसकावून घेतलं असतं त्यांच्याकडून."

तीन वाजता आम्ही वजनाच्या काट्यापाशी जमलो. काट्यावर ड्वेन रस्क होता. दिवसातला सर्वांत मोठा मासा आठ पौंडांचा निघाला होता. हॉलिसनं पिशवीतून आपला काढला.

"हे आमिष का मासा, हॉलिस?" रस्क म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

"काट्यावर ठेव आणि लिही."

एक पौंड दोन औंस. फळ्याच्या अगदी तळाला. वनेटानं तोंड उघडलं. हॉलिसनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटलं. मग बराच वेळ तो फळ्यासमोर उभा होता, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, जणू तो फळाही कुणीतरी त्याच्याकडून हिरावून नेणार होतं.

पिकअपमध्ये ती दात आवळून गाडी चालवत होती. काठ्या मागे खडखडत होत्या. एकीला अजून त्यानं होडीत लावलेलं ते वाकडं गांडूळ लोंबत होतं.

"पुन्हा माझ्या काठ्यांना हात लावलास," हॉलिस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तर याद राख."

"लावणार! काय कराल?"

तलाव मागे पडला. मग तो तितक्याच रागानं म्हणाला,

"सपाट बाजूनं लाव, गाढवे."