दोन दालनांतून फिरलेला प्रश्न

वर्षाराणी लातूरच्या एका खासगी तंत्रनिकेतनात तासिकेवर संगणक शिकवते. वय अडतीस. वडील गुरुबसप्पा यांचं गंजगोलाईत किराणा दुकान. लेक सारखी मोबाईलवर बोटं चालवते म्हणून ते चिडायचे. पण ती लोकांचे अडलेले प्रोग्रॅम सोडवत असायची. नऊ वर्षांपूर्वी तिनं मराठीतून प्रोग्रॅमिंगचे प्रश्न विचारायला एक फोरम सुरू केला. मुरुडचा डिप्लोमा करणारा असो की रेणापूरचा पंचायतीतला ऑपरेटर, कुणीही यावं आणि आपल्या बोलीत विचारावं. मी, आनंदराज, नांदेडला घरून एका कंपनीचं काम करतो. दुसऱ्या वर्षापासून मी तिच्यासोबत फोरम बघतो. त्यामुळे हे सगळं मला माहीत आहे, आणि सांगायला जडही जातं.

लोक वाढले तशी कुरबुर सुरू झाली. जाणते लोक म्हणू लागले, रोज तेच तेच बालवाडीचे प्रश्न, आम्ही कशाला यायचं? चारपाच चांगली माणसं निघूनही गेली. मग वर्षाराणीनं दोन दालनं केली. नवशिक्यांची ओसरी आणि जाणत्यांचं माजघर. माजघरात सोपा प्रश्न आला की तो ओसरीत हलवायचा, हा नियम तिचा. तोच प्रश्न कुणी पुन्हा टाकला तर बंद करायचा, हा माझा. ती म्हणाली होती, "इतकं कडक कशाला?" मी म्हणालो, "नाहीतर माजघर रिकामं होईल." तिनं ऐकलं.

गेल्या वर्षी देगलूरच्या वीरेश नावाच्या माणसानं माजघरात लिहिलं: "माझ्या प्रोग्रॅममध्ये कधी कधी एकाचं नाव दुसऱ्याच्या आकड्यावर येऊन राहिलंय. रोज होत न्हाई. लई अर्जंट हाय." सोबत एक फोटो होता. वर्षाराणी तासाला निघाली होती. तिनं दोन ओळी वाचल्या आणि प्रश्न ओसरीत हलवला. तिथं एकानं सांगितलं, संगणक बंद करून चालू करा. दुसऱ्यानं सांगितलं, प्रोग्रॅम नव्यानं टाका. चार दिवसांनी वीरेशनं तोच प्रश्न परत माजघरात टाकला. "वसरीत कुणाला कळंना. मोठ्या लोकांनी बघा, पाया पडतो." तो मी बंद केला. खाली लिहिलं, "हा प्रश्न येऊन गेला आहे. कृपया नियम वाचावेत."

तो परत आला नाही.

एकोणीस दिवसांनी वर्षाराणी नव्या देखरेखवाल्यांसाठी एक पान तयार करत होती: प्रश्न कसा विचारू नये. उदाहरणाला तिनं वीरेशचा प्रश्न घेतला, आणि नमुना पूर्ण दिसावा म्हणून फोटो पहिल्यांदा उघडला. दुपारी मला तिचा फोन आला.

"आनंदराज, वीरेशचा फोटो तू उघडला होतास?"

"नाही."

"मी पण नाही. रक्ताचा रिपोर्ट आहे तो. लॅबचा. माणसांची नावं बदलून राहिलीत तिथं."

मी फोटो उघडला. खाली वीरेशनं प्रोग्रॅमच्या चार ओळीही दाखवल्या होत्या. शेवटच्या पेशंटचा नंबर घ्यायचा, त्यात एक मिळवायचा, तो नव्या पेशंटला द्यायचा. दिसायला अगदी ओसरीतलं काम. पण लॅबमध्ये दोन संगणक असतील आणि दोन्हींवर एकाच क्षणी नोंद झाली, तर दोन माणसांना एकच नंबर लागणार आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर चढणार. हे ओसरीतल्या कुणालाही दिसणारं नव्हतं. माजघरातल्या कुणालाही दहा मिनिटांत दिसलं असतं.

रिपोर्टवर छापलेल्या लॅबच्या नंबरावर फोन लागेना. ती उदगीरमार्गे निघाली, मी नर्सीमार्गे. देगलूरच्या स्टँडवर भेटलो तेव्हा तिच्या खांद्याला पर्सदेखील नव्हती, हातात नुसता मोबाईल होता.

लॅबचं शटर अर्धं खाली होतं. आत चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा एक माणूस खुर्चीवर बसून होता. आम्ही कोण ते वर्षाराणीनं सांगितलं. तो उठलाही नाही.

"दोनदा विचारलो मी, मॅडम," तो म्हणाला. "दोनदा."

त्यानं सांगितलं ते असं. दुसऱ्यांदा विचारल्यानंतरच्या आठवड्यातच गौरम्मा नावाच्या साठीच्या बाईच्या नावावर चारशे बारा साखर छापून गेली. डॉक्टरांनी जोराच्या गोळ्या सुरू केल्या. तिला साखर नव्हतीच. पाचव्या दिवशी सकाळी, गोळ्यांनी साखर पार उतरून, ती चुलीपुढं बेशुद्ध सापडली. नांदेडला नेलं. वाचली, पण आता सुनेला ओळखत नाही. "अव्वा, मी हाय, म्हणती सून, तर नुसती बघती," वीरेश म्हणाला. लॅबच्या मालकानं कामकाज थांबवलं होतं. प्रोग्रॅम वीरेशनंच यूट्यूबवर बघून लिहिलेला, मालकाचा खर्च वाचावा म्हणून.

 वर्षाराणीनं एकदम विचारलं, "मग ती चारशे बारा साखर कुणाची होती?"

वीरेश खुर्चीवरून उठला. हा प्रश्न त्यालाही पडला नव्हता.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघं काउंटरवरची हातानं लिहिलेली वही आणि संगणकातल्या नोंदी पडताळत बसलो. प्रोग्रॅमच्या दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. आठ महिन्यांत अकरा वेळा घोळ झाला होता, म्हणजे बावीस माणसं. एकवीस जणांना फोन लागला. कुणी शिव्या दिल्या, कुणाला काही कळलंच नाही, एका मास्तरांनी तर "कळवलंत, उपकार झाले" म्हणून फोन ठेवला. बाविसावा माणूस चारशे बारावाला. वहीत एवढंच होतं: केरबा, वय ५५, आणि नऊ आकडी मोबाईल नंबर. लिहिणाऱ्याचा एक आकडा गळला होता. साखर नाही असा कागद खिशात घेऊन हा माणूस कुठंतरी हिंडत होता.

गळलेला आकडा कुठं आणि कोणता असू शकतो याचा हिशेब वर्षाराणीनं मांडला. पंच्याऐंशी नंबर निघाले. तिनं एकेक लावला. "केरबा हायत का?" निम्मे बंद होते. एकजण तेलुगूत बोलला. मुखेडचा एक केरबा खरंच सापडला तेव्हा ती ताडकन उभी राहिली; पण तो देगलूरच्या लॅबमध्ये कधी गेलाच नव्हता. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. मोबाईल ठेवून ती म्हणाली, "आता?"

गावोगावच्या देवळांच्या भोंग्यांवरून आम्ही पुकारा करवला. सरकारी दवाखान्यांत चिठ्ठ्या दिल्या. आठवडी बाजारात पालापालावर विचारलं. मी दोन रविवारांनी थकलो. ती थांबली नाही. मधल्या काळात लॅब कायमची बंद झाली आणि वीरेश बिदरकडं कुणा नातलगाच्या दुकानात कामाला गेला. फोरमवरची दोन्ही दालनं वर्षाराणीनं एका सकाळी काढून टाकली, सगळे प्रश्न पुन्हा एकत्र. न विचारता का काढली म्हणून जाणत्यांपैकी बरेच रागावून गेले. मी त्यांना अडवलं नाही.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी ती मुखेड तालुक्यातल्या एका तांड्याजवळच्या वस्तीवर पोचली. तिथं तीन केरबा निघाले. एक पंचविशीचा. दुसऱ्यानं आयुष्यात रक्त तपासलं नव्हतं. तिसऱ्याचं घर बंद होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, त्याला जाऊन दोन महिने झाले, घरची माणसं ऊसतोडीला गेलीत, कुठं ते ठाऊक नाही.

"काय झालं होतं त्यांना?" वर्षाराणीनं विचारलं.

"काय की बाई. वाळून गेल्ता पार. पाणी पाणी करायचा. हंडाभर पिला तरी तहान भागंना. म्हणायचा, तपासून आलाव देगलूरला, काय न्हाई मला."

वर्षाराणीनं मला तिथूनच फोन केला. शेजारणीचं बोलणं तिनं शब्दाला शब्द सांगितलं. गाडी मिळाली का, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, बघते.

त्या दिवशी फोरमवर सव्वीस प्रश्न आले होते. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. मी बसलो आणि प्रत्येकाचा फोटो उघडून, जमतील तशी उत्तरं देत राहिलो.