आधी खूण, मग हात

जिभेवर पेन्सिलीचं टोक ओलं करायचं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि गाडीच्या वेगाच्या मीटरची काच काढली की काट्याखाली केसाएवढी रेघ ओढायची. मग स्वतःलाच सांगायचं, "आधी खूण, मग हात." एवढं झाल्याशिवाय तो मिस्त्री काट्याला बोट लावत नसे. गोंदियात औषधांच्या एका दुकानाच्या जिन्याखाली तो बसायचा. गिऱ्हाईक हिंदीत घाई करायचं, "उस्ताद, जल्दी करो ना," आणि हा आपल्या झाडीबोलीत शांतपणे म्हणायचा, "घाई असन तं मीटरबिगर चालव." असा एखादा हेकट कारागीर तुमच्याही ओळखीचा असेल.

माझं काम पडलं ते वडिलांच्या गाडीमुळे. फुगीर पाठीची, जाड पत्र्याची जुनी गाडी. मी आमगावचा निवृत्त मास्तर, तिला पुसण्यात माझी सकाळ जाते. तिच्या मीटरचा काटा पडवीत उभ्या गाडीतही वीस दाखवायचा आणि रस्त्यावर साठ-ऐंशीच्या मध्ये थरथरत राहायचा. उभ्या उभ्या पळणाऱ्या गाडीत मी बसणार नाही, असं बायकोने बजावलं होतं. तीन मेकॅनिक म्हणाले, मीटर फेका, नवीन बसवा. मी कसला ऐकतो.

मिस्त्रीने पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलंच नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "असलीच होती." मला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या वस्तूंचा शौक असेल.

मीटरमधली केसासारखी स्प्रिंग गुंतली होती आणि केबल सुकून कडक झाली होती. ते काम त्याने आठ दिवसांत केलं, पण मीटर बरोबर झाला हे तो दुकानात मानायचा नाही. त्यासाठी रस्ता लागायचा. गोंदिया-आमगाव रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. मी काटा चाळीसवर धरायचा आणि त्याने मागच्या सीटवर बसून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तोंडातल्या तोंडात आकडे मोजायचे. चाळीस खरे असतील तर नव्वद सेकंद लागतात. हातात घड्याळ नाही, काही नाही. मी चोरून माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, गड्याचा एक सेकंद इकडचा तिकडे होत नव्हता.

घरी जेवायला थांबला तेव्हा बायकोने लोणच्याची बरणी पुढे केली. याने खिशातून पेन्सिल काढून आधी झाकणावर आणि बरणीवर रेघ ओढली, मग झाकण फिरवलं. बायको पदर तोंडाला लावून हसली. पुढे पुढे तीही कुकरच्या झाकणावर खडूने रेघ ओढू लागली, ते सोडा.

पण एक गोष्ट मला खटकायची. वाटेत एका बोडीला, म्हणजे लहानशा तळ्याला, वळसा घालून रस्ता जातो. वळणाला लागूनच पाणी, कडेला येरोणीची झुडपं. त्या वळणाआधी तो गाडी थांबवायला लावायचा, खाली उतरून वळण पायी ओलांडायचा आणि पलीकडे परत गाडीत बसायचा. पहिल्यांदा वाटलं, लघवीला उतरला असेल. तिसऱ्या फेरीला मात्र माझं डोकं तापलं. मी म्हटलं, हा काय तमाशा आहे?

त्याने बोडीकडे बोट केलं. मग सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. गाडी माझ्या गाडीसारखीच. मालकाची सक्त ताकीद होती, चाळीसच्या वर जायचं नाही, आणि भाऊ कधी गेला नाही. एकदा मीटर बिघडला म्हणून तो मिस्त्रीकडे आला. मालकाकडच्या लग्नाची वरात खोळंबली होती. दादा लवकर कर, दादा लवकर कर, असं डोक्यावर उभं राहून म्हणत होता. त्या घाईत मिस्त्रीने खूण न करताच काटा उपटला आणि अंदाजाने परत बसवला. त्याच दुपारी गाडी भावासकट याच बोडीत गेली.

"लोक म्हणते, जोरात होता," मिस्त्री म्हणाला. "तो जोरात चालवणारा नव्हता जी. काटा चाळीस दाखवत असन. पण चाळीस होते का?"

त्या गाडीतला मीटर त्याने मालकाकडून मागून आणला होता. वाळवून, फडक्यात बांधून तीस-पस्तीस वर्षं खणात ठेवला होता, पण तपासायची हिंमत झाली नव्हती. माझी जीभ मोठी चपळ. मी म्हटलं, माझ्या गाडीला तो बसेल, एकदाचं बघून टाका. बोललो आणि लगेच पस्तावलो, कारण तो गाडीत न बसता पायी निघून गेला.

पंधरा दिवसांनी सकाळच्या रेल्वेने तो आला. हातात फडक्याची पुरचुंडी होती. बसवताना त्याने काट्याला हात लावला नाही. आम्ही निघालो. मी काटा चाळीसवर धरला. मागे तो आकडे मोजत होता की नाही, मला ऐकू येत नव्हतं. दुसरा दगड आला तेव्हा माझ्या घड्याळात बहात्तर सेकंद झाले होते. म्हणजे गाडी पन्नासने धावत होती.

मी म्हणालो, "नव्वद. बरोबर आहे मीटर."

मागून तो पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "कायले खोटं बोलता, मास्तर? मले मोजता येते."

मी सारवासारव केली. इतक्या वर्षांत चुंबक कमजोर झालं असेल, पाण्यात भिजलं होतं. त्याने परतीला मला वीसवर चालवायला लावलं. तिथेही दहाचाच फरक निघाला. चुंबक गेलं असतं तर वेगाबरोबर फरक कमी-जास्त झाला असता, हा तर काटाच हुकला, असं तो म्हणाला आणि त्या दिवशी वळणावर उतरला नाही. डोळे उघडे ठेवून बसून राहिला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो प्रस्ताव माझाच होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

दोन महिने तो आला नाही. मग एका सकाळी पडवीत, गाडीच्या पुढच्या सीटवर दिसला. भावाचा मीटर तोपर्यंत माझ्याच गाडीत होता, तो त्याने उघडला होता. काट्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या, एक काटा होता तिथे आणि एक हवा होता तिथे. काटा नेमका दुसऱ्या रेघेवर बसवला.

"आता बाईंले गाडीत बसवा," म्हणाला. तपासायला चला म्हटलं तर मान हलवली. "माझी मोजणी संपली जी. तुम्ही मोजा."

त्यानंतर तो दिसला नाही. थंडीत गोंदियाला गेलो तेव्हा औषधवाल्याने सांगितलं, उस्ताद गुजर गये. जिन्याखाली आता पाण्याचे जार ठेवतात.

परवा बायकोला शेजारी बसवून मी त्या रस्त्याने गेलो. दगड आला, काटा चाळीसवर धरला आणि तोंडातल्या तोंडात मोजत राहिलो. बोडीचं वळण गेलं. दुसऱ्या दगडाशी पोहोचलो तेव्हा बरोबर नव्वद झाले होते.

"नव्वद आले जी," असं म्हणत मी मागच्या सीटकडे वळलो.