चार सुताला जरा कमी

अनंताकाका लोखंडाच्या पीसवर बोट फिरवून सांगतात, साइज बरोबर आहे की नाही. कॅम्प चारच्या वस्तीत धर्मेशशेठच्या गाळ्यात बावीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली त्यांनी. शेठने गाळा बंद केला आणि पन्नाशीचा माणूस कात्रपच्या ट्रेनिंग क्लासमध्ये माझ्या बाजूला येऊन बसला. घरात दुसरा पगार नाही.

मी विठा, त्यांच्या शेजारची. नववीत शाळा सोडली तेव्हा आख्ख्या चाळीने मला ऐकवलं, एक काका सोडून. म्हणून त्यांना कोण हसलं की माझं डोकं सटकतं.

क्लासच्या बोर्डावर लिहिलंय, 'कंपनीला हवे तसे कामगार'. आत डिजिटल व्हर्निअर एकच, म्हणजे मापाचा आकडा स्क्रीनवर दाखवतं ते. त्याचा पण सेल गेलेला. राजसी मॅडम फळ्यावर चित्र काढून शिकवायच्या. सेल मागून मागून थकले, असं म्हणायच्या. दीड महिना आम्ही चित्रच मोजलं.

मग अंबरनाथच्या कंपनीत टेस्ट. दहा पीस मोजा, कागदावर लिहा. काकांनी पहिला पीस व्हर्निअरमध्ये धरला. स्क्रीनवर आकडे पळायला लागले तसं त्यांनी व्हर्निअर बाजूला ठेवलं आणि बोटं फिरवली.

साहेबांनी कागद वाचला. "चार सूत, चार सूत... हे काय? चार सुताला जरा कमी?"

मागची पोरं हसली.

"सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साहेब," काका म्हणाले. "सातवा पीस बाद आहे."

साहेबांनी सातवा मोजला. खरंच बाद होता. "बरोबर. पण जरा म्हणजे किती? मी कस्टमरला काय लिहू, जरा?"

मी बोलले, "क्लासमध्ये व्हर्निअरच बंद होतं, साहेब. तिथे कोण बघायला आलं का?"

"विठे, बस खाली," काका म्हणाले.

माझे आकडे मिलिमीटरमध्ये होते, मला घेतलं. काकांना म्हणाले, "शुक्रवारी परत या. मिलिमीटरमध्ये. दहाच्या दहा पाहिजेत, नंतर चान्स नाही."

मी सेल विकत आणून मॅडमच्या टेबलावर ठेवला. "आता तरी व्हर्निअर द्या." त्यांनी दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी काका मोजतात, मी तपासते.

"बारा पॉइंट चार."

"पॉइंट चार नाय काका, शून्य चार. झीरो दिसत नाय का?"

"दिसतो गं. पण बोटाला एवढं लागत नाही, तर मन मानत नाही."

"मनाला सांगा, पगार स्क्रीन देणारे."

हसले. पण लगेच परत पहिला पीस उचलला.

आज गुरुवार. चार वेळा दहाही पीस मोजून झाले. शेवटच्या वेळी आठ बरोबर आले.